हज्जाम, खलिफा, सलमानी

आमच्या समाजात काही धंद्यांना दोन-दोन नावे असतात. एक तोंडावर घ्यायचे, दुसरे पाठीमागे. न्हाव्याच्या धंद्याला तर तीन आहेत. खुर्चीवर बसताना आम्ही त्याला अदबीने 'खलिफा' म्हणतो. त्याच्या घरच्या लग्नपत्रिकेवर 'सलमानी' असे छापलेले असते. आणि त्याची पाठ फिरली की तो 'हजाम' होतो. माणूस तोच, हात तोच, वस्तराही तोच. मग नावे तीन का, याचा विचार करायचा तर या कसबाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

'हज्जाम' हा मूळ अरबी शब्द. त्याचा केस कापण्याशी संबंध नाही. 'हिजामा' म्हणजे तुंबड्या लावून अंगातले दूषित रक्त काढणे आणि ते काम करणारा तो हज्जाम. म्हणजे हा शब्द मुळात वैद्यकाच्या दालनातला आहे. सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहे. अबू तैबा नावाच्या गुलामाने हुजूर (स.) यांना हिजामा केला. हुजूरांनी त्याला एक साअ खजूर मेहनताना म्हणून दिले आणि त्याच्या मालकांना सांगून त्याच्यावरचा रोजचा कर कमी करवला. या कमाईला नापसंत ठरवणारीही एक रिवायत आहे. पण हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे म्हणणे सरळ होते: ही कमाई हराम असती, तर हुजूरांनी ती दिलीच नसती.

केस कापण्याचीही गोष्ट अशीच आहे. हिजरी सन १० मध्ये, म्हणजे इ. स. ६३२ साली, अखेरच्या हजच्या वेळी मिना येथे हुजूरांनी केस उतरवले. ते काम करणारे होते मअमर बिन अब्दुल्लाह, असे भाष्यकार सांगतात. हे मअमर कुरैशच्या बनू अदी घराण्यातले. हजरत उमर (रजि.) यांचे घराणेही हेच. म्हणजे ज्या भूमीत इस्लाम वाढला, तेथे वस्तरा हाती धरल्याने कुणाची जात ठरत नव्हती. हे आम्हांला वर्गात शिकवावे लागत नाही, कारण पाठ्यपुस्तकात ते नाही. पण घरात तरी सांगायला हवे.

पुढे शहरे वाढली, कारागिरांच्या जमाती बांधल्या गेल्या आणि प्रत्येक कसबाने आपला एक पीर मानला. तुर्कस्तानापासून हिंदुस्थानापर्यंत नाभिकांनी हजरत सलमान फारसी (रजि.) यांचे नाव धरले. इतिहासाच्या कसोटीवर या परंपरेला भक्कम पुरावा नाही, पण तिच्यामागची भावना समजण्यासारखी आहे. सलमान फारसी हे अरब नव्हते. सत्याच्या शोधात इराणहून निघालेले, वाटेत गुलामीत विकले गेलेले आणि तरीही हुजूरांनी आपल्या घरातले मानलेले सहाबी. ज्यांना कुळाचा अभिमान सांगता येत नव्हता, अशा कष्टकऱ्यांना त्यांच्यात आपला माणूस दिसला, यात नवल ते काय! 'सलमानी' हे नाव तेथून आले.

नाभिकाच्या हत्यारांच्या पिशवीला मराठीत 'धोकटी' म्हणतात, उर्दूत 'किस्बत'. या शब्दाचे नाते 'कसब'शी, म्हणजे कमाईशी आहे. जुन्या खलिफांच्या किस्बतीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, वाटी, तुरटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा असे. पण तेवढ्यावर भागत नसे. गळू कापायचे, दात उपटायचा, तुंबडी लावायची, जखम बांधायची ही कामेही त्याचीच. तो गरिबांचा जर्राह होता. मुलाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी अकिक्याला जावळ तो उतरवी आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी सदका होई. पुढे सुन्नतही तोच करी. अंदलुसचे थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात सुन्नतीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि कात्रीची रीत पसंत केली. एवढ्या मोठ्या विद्वानाच्या लेखणीचा विषय आणि गल्लीतल्या खलिफांच्या हाताचे काम एकच होते.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. एका जुन्या वाटणीत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी मधल्या काशेत येतात, तर आपला मुलाणी धाकट्या काशेत, भट, गुरव आणि कोळ्याबरोबर. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे आणि त्यावर वर्षभराची हजामत. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ही सारी व्यवस्था वाचायला मिळते. या मातीतल्या नाभिकांनी केवळ दाढ्या केल्या नाहीत. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटावेत म्हणून त्यांचे सोंग घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशिद नाभिक होता. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असा निर्धार केला. शिकल्यासवरलेल्यांना जे पाप दिसत नव्हते, ते वस्तरा धरणाऱ्यांनी ओळखले.

याच हातांच्या कसबाने विलायतेतही नाव काढले. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी १८१४च्या सुमारास ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि चंपी सुरू केली. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांच्या सेवेत त्यांची नेमणूक झाली. आज घरोघरी असलेला 'शॅम्पू' हा शब्द आपल्या 'चांपो'वरूनच इंग्रजीत गेला. तिकडे राजाने मान दिला. इकडे आम्ही काय दिले?

आम्ही दिली म्हण: 'बिनपाण्याची हजामत'. आम्ही दिली शिवी. फिक्हच्या काही ग्रंथांत निकाहाच्या 'कुफू'ची, म्हणजे बरोबरीची, चर्चा करताना विणकर आणि हज्जाम यांना खालच्या पायरीवर बसवले गेले. त्याचा आधार त्या काळच्या समाजाचा रिवाज होता, कुरआनाची आयत नव्हती. आम्ही मात्र रिवाजालाच दीन समजून बसलो. ज्या माणसाच्या वस्तऱ्याखाली आम्ही डोळे मिटून गळा ठेवतो, त्याच्या घरी मुलगी द्यायची म्हटले की आमचे डोळे उघडतात. मशिदीत खांद्याला खांदा लावणारे आम्ही, लग्नाच्या बोलणीत एकमेकांची बिरादरी विचारतो.

आता तो जुना धंदाच उठत चालला आहे. भिंतीला टेकून, समोरच्याच्या हातात आरसा देऊन हजामत करणारे खलिफा क्वचितच दिसतात. गिऱ्हाईक विटेवर बसे म्हणून थट्टेने त्याला 'इटालियन सलून' म्हणत. 'ईंट' हा शब्द ठाऊक असलेल्यालाच ती थट्टा कळे. चामड्यावर वस्तरा फिरवल्याचा तो पट-पट आवाज, गालावर थंड तुरटी, शेवटी मानेला दिलेला हलका झटका, आणि या सगळ्याबरोबर मोहल्ल्याची बातमी. चाँदरातीला दुकानात रात्री उशिरापर्यंत गर्दी असे. मालक आणि हमाल एकाच बाकावर आपली पाळी यायची वाट पाहत. अशी बरोबरी मशिदीबाहेर फार कमी ठिकाणी होती.

हे का संपले? दोष एकाचा नाही. किंग कॅम्प जिलेट याने १९०१ साली कंपनी काढली आणि हळूहळू दाढी घरच्या आरशासमोर आली. बलुते जाऊन रोकड आली, तेव्हा वर्षाचे नाते तुटून एका वेळेचा सौदा उरला. सुन्नत दवाखान्यात गेली. जखमेवर राख लावण्यापेक्षा डॉक्टरची सुई बरी, हे योग्यच झाले. एड्सच्या भीतीने प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते आले, तेही योग्यच. पण त्याबरोबर धार लावण्याची विद्या गेली. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत राज्यातली सलून सुमारे तीन महिने बंद राहिली. २८ जूनपासून केस कापायला परवानगी मिळाली, दाढीला नाही. रोज कमावून रोज खाणाऱ्यांचे त्या दिवसांत काय झाले, हे मोहल्ल्यांनी पाहिले आहे. आज चकचकीत सलूनमध्ये हेच काम मोठ्या दराने चालते. तेथे ते करणाऱ्याला 'हेअर स्टायलिस्ट' म्हणतात आणि कोणी जात विचारत नाही.

नावाची ही लाज जुनी आहे. विसाव्या शतकात जुलाहे अन्सारी झाले, कसाब कुरैशी झाले, धुनिये मन्सुरी झाले, हज्जाम सलमानी झाले. अपमान टाळण्याचा तो मार्ग होता, त्यात गैर काही नव्हते. २००९ साली एका हिंदी चित्रपटाच्या नावातला 'बार्बर' हा शब्दही सलूनवाल्यांच्या हरकतीमुळे काढावा लागला. आम्ही शिक्षक शाळेत दाखले भरताना हेच पाहतो. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मुले 'बिझनेस' लिहितात.

आणि येथेच इतिहास उलटला आहे. मंडल आयोगाच्या शिफारशींवर १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्रात शब्बीर अहमद अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने मागास बिरादऱ्यांना जागे केले. दिलीपकुमार यांनीही तिला साथ दिली. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की देशातल्या मुसलमानांपैकी ४०.७ टक्के ओबीसी आहेत. हज्जामाच्या मुलाला सवलतीचा हक्क मिळाला. पण जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात असते फक्त 'मुसलमान'. जो शब्द लोकांनी शिवी म्हणून वापरला, म्हणून आजोबांनी लपवला, तोच शब्द आता नातू कचेऱ्यांतून शोधत फिरतो. तो सापडला नाही, तर हुशार मुलाचा इंजिनिअरिंगचा किंवा बी.एड.चा प्रवेश हुकतो.

आमचे म्हणणे असे नाही की हज्जामाच्या मुलाने हज्जामच व्हावे. त्याने डॉक्टर व्हावे; जर्राहाच्या घरात ते शोभूनच दिसेल. ज्याला खुर्ची चालवायची आहे, त्याने तीही इज्जतीने चालवावी. समाजाने मात्र दोन कामे करावीत. ज्या घरात जुनी खरेदीखते, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, आजोबांचे दाखले असतील, ती कागदपत्रे जपावीत आणि शिकलेल्यांनी ती वाचून द्यावीत. मोडी वाचणारे आता थोडेच उरले आहेत; ते आहेत तोवर हे करून घ्यावे. आणि दुसरे काम घरातले. मुलांसमोर 'हजाम' हा शब्द शिवी म्हणून उच्चारू नये. अबू तैबाला हुजूरांनी मजुरी दिली, त्याचे ओझेही कमी केले. मजुरी तर आम्हीही देतो. ओझे कमी करण्याचे काम अजून बाकी आहे.