कातिबाची मान

दुसऱ्या शतकात रोम शहरात पौसानियास नावाचा एक सिरियन विद्वान आला. त्याच्या हाताची करंगळी, तिच्या शेजारचे बोट आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधीर झाला होता. वैद्यांनी त्या बोटांना लेप लावून पाहिले, गुण येईना. शेवटी तो गॅलेनकडे गेला. आपल्या हकिमांच्या तोंडी ज्याचे नाव जालीनूस असते, तोच हा. जालीनूसने बोटे पाहायच्या आधी विचारले, कुठे पडला होतास का? उत्तर आले, गाडीतून पडलो होतो आणि पाठीचा वरचा भाग दगडावर आपटला होता. मग जालीनूसने बोटांवरचे औषध काढून मानेच्या बुडाशी, मणक्यांवर लावले आणि माणूस बरा झाला. औषध तेच होते, फक्त जागा बदलली.

मान दुखते तेव्हा हात का भरून येतो, मुंग्या का येतात, असे मला शिक्षक-खोलीत नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर या गोष्टीत आहे. मानेत सात मणके असतात. त्यांच्यामधून निघालेल्या शिरा (डॉक्टर त्यांना नसा म्हणतात) खांद्यातून थेट बोटांपर्यंत जातात. वाटेत कुठे दाब आला की तक्रार बोट करते, दोष मात्र मानेत असतो.

जालीनूसचे ग्रंथ हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सोबत्यांनी नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आणले. पुढे इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये मणक्यांची रचना तर दिलीच, पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती रियाझत आणि दलक यांवरची प्रकरणे. रियाझत म्हणजे व्यायाम, दलक म्हणजे चोळणे. चोळण्याचेही त्याने प्रकार पाडले आहेत: कडक, मऊ, व्यायामाआधी अंग तयार करणारे, व्यायामानंतर थकवा उतरवणारे. आमच्याकडे जलशांत इब्न सीनाचे नाव फार अभिमानाने घेतले जाते. रोज दहा मिनिटे रियाझत करा म्हटले की तेच वक्ते गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसतात.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एका भाषेच्या वह्या उजवीकडून तपासायच्या, दुसरीच्या डावीकडून, पण मान दोन्हीकडे खालीच. त्यामुळे मला कातिबांची आठवण येते. आमच्या मोहल्ल्यात एक मरहूम कातिब चाचा होते. जमिनीवर बसून, एक गुडघा उभा करून, त्यावर पाटी टेकवून, बोरूने नस्तालीक लिहायचे. उर्दू वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका, सारे असेच तयार होई. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे 1927 साली सुरू झालेले उर्दू दैनिक तर अगदी काल-परवापर्यंत हाताने लिहिले जात असे. या लोकांच्या खताचे, म्हणजे अक्षराचे, कौतुक आपण करतो. त्यांच्या मानेबद्दल कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

इटलीत मात्र एकाने लिहिले. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ काढला आणि 1713 च्या आवृत्तीत लेखनिकांचाही समावेश केला. त्याने कारणे तीन सांगितली: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण. आज संगणकापुढे बसणाऱ्यालाही हीच तीन लागू पडतात. 1981 साली नूरी नस्तालीक आले, 1994 साली इनपेज आले, कातिबांचा बोरू गेला. वाकलेली मान मात्र पडद्यापुढे तशीच राहिली, आणि मोबाईलने तर ती आणखी खाली नेली. डोक्याचे वजन साधारण 5 किलो असते. मान जितकी पुढे झुकेल तितके ते मागच्या स्नायूंना जास्त तोलून धरावे लागते.

बाकीची कारणे थोडक्यात: वयाने मणक्यांची होणारी झीज, सरकलेली गादी, अपघातातला झटका, फार उंच उशी.

उपचाराचा इतिहास हकिमांच्या दलकपाशी थांबत नाही. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने 1813 साली स्टॉकहोमला व्यायामशास्त्राची संस्था काढली. इंग्लंडमध्ये 1894 साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना स्थापन केली, कारण त्या धंद्याची बदनामी झाली होती. आपल्याकडे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. त्या काळात पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय पुन्हा चालते करणे ही मोठी गरज होती.

तरीही आमच्या घरांत फिजिओथेरपी म्हणजे ‘महागडी मालिश’. विशेषतः बायकांच्या बाबतीत. धुणे, शिलाई, पोळ्या लाटताना खाली गेलेली मान दुखली की बाम चोळायचा, गोळी घ्यायची, पट्टा बांधायचा. पट्टा महिनोन्महिने बांधला तर मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात. फिजिओथेरपिस्ट उलट काम करतो: आखडलेले स्नायू ताणून मोकळे करतो, मानेचे आतले आणि खांद्याच्या पात्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकवतो, बसण्याची उंची बदलायला लावतो. शेक आणि मालिश हे त्याचे जोडकाम. खरे काम आपणच घरी रोज करायचे असते, आणि गुण यायला काही आठवडे लागतात.

न्हाव्याच्या खुर्चीत मान कडकन मोडून घेणाऱ्या भावांना मात्र हात जोडते. मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. अशा झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. आणि हातातली ताकद कमी होऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा दुखण्यासोबत ताप आला, तर व्यायामाच्या आधी डॉक्टर गाठा. त्याला आपण कधी, कुठे, कसे पडलो होतो हेही सांगा. जालीनूसने विचारलेला तो पहिला प्रश्न त्यालाही विचारायचा असतो.