कैरोमार्गे पालयें

आमच्या आजीचं माहेर पेडणे महालातलं पालयें आणि सासर आरोंदा. मधे तेरेखोलची खाडी. किरणपाण्याला होडीत पाय ठेवला की तोंडातलं पान संपायच्या आत माणूस पलीकडे. तिचं लग्न झालं १९४६ साली, म्हणजे या काठावर सावंतवाडी संस्थान आणि त्या काठावर फिरंगाण असताना. पण तिच्या बोलण्यात दोन देश कधी आले नाहीत. 'अल्याड' आणि 'पल्याड' एवढंच यायचं. चतुर्थीनंतर ती पल्याड जायची, शिमग्याला तिचा भाऊ अल्याड यायचा. होडीवाल्याला वर्षाचं भात ठरलेलं होतं.

पेडणे महाल मुळात वाडीकर भोसल्यांचा. कोल्हापूरकरांशी झुंजताना कुमक हवी म्हणून खेम सावंतांनी १७८८ साली तो पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. पुढे १८४४ च्या बंडात फोंड सावंत आणि त्यांचे मुलगे इंग्रजांपासून पळाले तेही गोव्यातच, आणि इंग्रजांनी डोळे वटारूनही पोर्तुगीजांनी त्यांना आसरा दिला. सरहद्दीचा हा उपयोग आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असे: अल्याड भांडावं, पल्याड जेवावं.

आजीच्या आजोबांची तक्रार निराळी होती. ती मिठाची. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनला इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा तह झाला. दोन्ही मुलखांमधली जकात उठली, मुरगावच्या रेल्वेची वाट मोकळी झाली आणि बदल्यात गोव्यातल्या मिठावर इंग्रजांची हुकमत आली. पोर्तुगीज सरकारला त्यापोटी वर्षाला चार लाख रुपये मिळत. आजोबा सांगत, की आपल्याच आगरातलं मूठभर मीठ घरी न्यायचं तरी आधी आजूबाजूला पाहावं लागे. १८९२ साली तह संपला आणि जकातीच्या चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या. या तहाला दूरदृष्टीचा म्हणणारे इतिहासकार आहेत. मुरगावच्या धक्क्यावर उभं राहून पाहिलं तर असेलही.

स्वतंत्र भारतानं बोलणी करून पाहिली. फेब्रुवारी १९५० मध्ये लिस्बनला रीतसर निवेदन गेलं, की भारतातल्या पोर्तुगीज वसाहतींच्या भवितव्याविषयी बसून बोलू या. जूनमध्ये उत्तर आलं, की हा बोलण्याचा विषयच होऊ शकत नाही. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं घटनाच दुरुस्त करून घेतली. वसाहती कागदावरून गेल्या आणि त्यांच्या जागी 'सागरापारचे प्रांत' आले. स्वतःच्या प्रांताबद्दल शेजाऱ्याशी कोण बोलतो? जून १९५३ मध्ये भारतानं लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. पुढच्या वर्षी दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी घेतली आणि उरलासुरला संवादही आटला.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे भाऊआजोबा, तेव्हा बांद्याला शिंप्याच्या दुकानात होते. त्यांची गोष्ट १८ मे १९५५ पासून सुरू व्हायची. त्या दिवशी नानासाहेब गोरे आणि पंच्याहत्तरीला टेकलेले सेनापती बापट सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. मग उन्हाळाभर, पावसाळाभर माणसं येत राहिली आणि भाऊआजोबा झेंडे शिवत राहिले. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही सरहद्द ओलांडायला गेले. पत्रादेवीला पंजाबचा कर्नैलसिंग पोर्तुगीजांच्या गोळीनं पडला. सागरच्या सहोदराबाई राय झेंडा हातात असताना जखमी झाल्या. त्या दिवशी सगळ्या नाक्यांवर मिळून वीसहून अधिक माणसं गेली. भाऊआजोबा यातलं काही रंगवून सांगत नसत. सकाळी दुकानाशी काही जणांना चहा दिला, त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती, ते पैसे देत होते आणि आम्ही घेतले नाहीत, एवढं बोलून ते मशीनचं चाक फिरवायला लागत.

त्यानंतर सगळंच मिटलं. दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात त्याआधीच गेली होती, १ सप्टेंबरला पणजीतली भारताची कॉन्सुलेट गेली. रेल्वे थांबली, मनिऑर्डरी थांबल्या, जाण्या-येण्याला परवाना आला. राजनैतिक रिवाजाप्रमाणे दोघांनी आपापली माणसं तिसऱ्यावर सोपवली: भारताच्या वतीनं इजिप्त बोलणार, पोर्तुगालच्या वतीनं ब्राझील. म्हणजे आरोंद्याच्या सुनेला पालयेंच्या बापाची खुशाली सरकारी वाटेनं विचारायची, तर खाडीपलीकडचा प्रश्न आधी इजिप्तच्या हाती द्यायचा आणि उत्तर ब्राझीलच्या हातून घ्यायचं. भाऊआजोबा तिला चिडवायचे, वयनी, तुमचं माहेर आता कैरोमार्गे.

तिचा बाप १९५६ च्या पावसात वारला. परवान्याचा अर्ज आधीच केलेला होता आणि तो कुठल्या तरी टेबलावर पडून होता. बातमी आली ती होडीवाल्याकडून. रात्री खाडीच्या मध्यावर पल्याडची एक होडी आणि अल्याडची एक अशा दोन होड्या क्षणभर एकमेकींना खेटत; त्यात माल बदलायचा आणि मालाबरोबर निरोपही. 'वयनी, बापूस गेलो तुमचो,' असं मागच्या दारी येऊन तो सांगून गेला. कधी गेला, हे तिनं विचारलं. आठ दिवस झाले होते. तिनं विहिरीवर स्नान केलं आणि उरलेलं सुतक पाळलं. परवाना आला तेव्हा वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं. ही गोष्ट ती कुणावर राग काढत सांगत नसे. होडीवाल्याचं नाव मात्र न चुकता घ्यायची.

त्या माल बदलण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण मुक्तिलढ्याच्या आठवणींत तो येत नाही. नाकेबंदीनं सालाझार वाकला नाही. गोव्यात बटाटे हॉलंडहून आले, सिमेंट जपानहून, चहा सिलोनहून. खनिजाची जहाजं परदेशी जात राहिली आणि खाणवाले गब्बर झाले. ओस पडला तो बांद्याचा बाजार, कारण त्याचं निम्मं गिऱ्हाईक पल्याडचं. मग दिवसा बंद झालेला धंदा रात्री सुरू झाला. घड्याळं, ब्लेडं, दारू, सोनं इकडे, मिरच्या-कांदे तिकडे. आमचे आजोबा त्यात किती होते, हे घरात कुणी स्पष्ट सांगत नाही. शेतात राबणाऱ्या त्या माणसाच्या मनगटावर स्विस घड्याळ होतं, एवढं फोटोत दिसतं. धाकटा भाऊ झेंडे शिवतोय आणि थोरला रात्री खाडीवर, तरी दोघं जेवायला एकाच पंगतीत. मला यात विसंगती दिसायची. घरात कुणालाच दिसत नसे.

सरकारं बोलत नव्हती, तरी वकील बोलत होते. दादरा-नगर हवेलीत जायला वाट मिळावी म्हणून पोर्तुगालनं डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला, आणि त्या दाव्यात पुरावा म्हणून उभा राहिला तो पेशव्यांशी १७७९ साली झालेला तह! नाना फडणिसांच्या काळात पुणे दरबारानं पोर्तुगीजांना बारा हजारांच्या उत्पन्नाची गावं दिली होती. तो व्यवहार जुळवणारा पोर्तुगीजांचा पुण्यातला वकीलही गोव्याचाच, नारायण शेणवी धुमे. असली माणसं किती होती हे पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दफ्तरातून काढून दाखवलंय. त्या काळी फिरंगी आणि मराठे भांडत होते तरी बोलणं कधी तुटत नव्हतं. हेगला भारताच्या बाजूनं मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि न्यायाधीशांच्या रांगेत भारतानं नेमलेले छागला. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला: पेशव्यांनी महसूल दिला होता, मुलूख नव्हे, पुढे इंग्रजांनी मात्र सत्ता मान्य केली, नागरिकांना आणि मालाला वाट होती, सैन्याला नव्हती, आणि तणावाच्या काळात भारतानं वाट रोखली यात काही गैर नाही. दोन्ही पक्षांनी आपण जिंकलो असं म्हटलं. पालयेंला जायचा परवाना तसाच राहिला.

नोव्हेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांच्या अंजदीव बेटावरून भारतीय 'साबरमती' बोटीवर गोळीबार झाला. १८ डिसेंबरला सैन्य निघालं. ब्रिगेडियर सगतसिंग यांची छत्रीधारी ब्रिगेड दोडामार्गकडून आत शिरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढायचा सालाझारचा हुकूम त्यांनी पाळला नाही आणि माझ्या मते त्यांच्या हयातीतलं ते सगळ्यात शहाणं काम होतं. आजीला विचारलं तर ती म्हणायची, त्या आठवड्यात होडीवाल्यानं भाताऐवजी रोख पैसे मागायला सुरुवात केली.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनच्या सैन्यानं तिथली हुकूमशाही उलथवली. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला मारिओ सोआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी दिल्लीत करारावर सह्या केल्या आणि गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेली भारताचे, हे पोर्तुगालनं मान्य केलं. पेपरातला तो फोटो पाहून भाऊआजोबा म्हणाले होते, 'दोन माणसां, एक टेबल. ह्येका चोवीस वर्सां लागली?' राहिलेल्या बाबी त्यानंतरही रेंगाळल्या. सैन्य यायच्या आधी गोमंतकीयांचं गहाण सोनं पणजीतल्या पोर्तुगीज बँकेनं लिस्बनला पाठवलं होतं. ते परत यायला १९९१ साल उजाडलं.

आजीच्या भावाचा नातू सध्या इंग्लंडात स्विंडनला असतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. त्यासाठी त्यानं आजोबांचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत चढवून घेतला. आमच्याकडे यावरून दोन तट आहेत. काकांच्या मते ही पत्रादेवीला पडलेल्यांशी बेइमानी. आत्येचं म्हणणं, पोर्तुगीजांनी आपल्याकडून साडेचारशे वर्षं घेतलं, आता पोरानं थोडं घेतलं तर काय बिघडलं. मला दोघांचंही पटतं. गेल्या महिन्यात त्याला गावी यायचं होतं, तेव्हा त्याचा भारताचा व्हिसाचा अर्ज मीच तपासून दिला.