बहुरंगी कार्यक्रमांची ओहोटी आणि इंदूरचा मराठी प्रेक्षक

गायन, नृत्य, प्रहसन, मुलाखत आणि प्रश्नमंजुषा एकाच निवेदनसूत्रात ओवणारा कार्यक्रम म्हणजे बहुरंगी कार्यक्रम. तियात्राच्या पडद्यांमध्ये कांतारां ऐकणाऱ्या गोमंतकीयांना हा साचा परका नाही. अमेरिकेत ‘द एड सलिव्हन शो’ने (१९४८–१९७१) तो घरोघरी नेला. मराठीत २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर विनायक चासकर यांच्या ‘गजरा’ने त्याची गोडी लावली.

इंदूरची गोष्ट मात्र निराळी. होळकरपूर्व काळापासूनच्या ‘जुनी इंदूर’ या वस्तीभोवती विस्तारलेले हे शहर १८१८ मध्ये होळकरांची राजधानी झाले आणि मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. मुंबई केंद्राचे भूप्रक्षेपण सुमारे ६०० किलोमीटरवरील या शहरात पोहोचत नसे. त्यामुळे घरातील सर्वांनी एकत्र पाहावयाचा बहुरंगी कार्यक्रम हिंदीच असे. सिद्धार्थ काक व रेणुका शहाणे यांची ‘सुरभि’ (१९९०–२००१) हे त्याचे ठळक उदाहरण. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर आली, १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, तेव्हा मायबोली पडद्यावर नियमित ऐकू येऊ लागली.

परंतु तोवर या प्रकाराचे विघटन सुरू झाले होते. वाहिन्या वाढल्या तसे गाण्याला, विनोदाला आणि प्रश्नमंजुषेला स्वतंत्र कार्यक्रम मिळाले. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे प्रत्येकाच्या हाती स्वतःचा पडदा आला; प्रहसनाचा आवडलेला तुकडा तेवढा पाहून प्रेक्षक पुढे सरकू लागला. प्रहसन, पाहुण्यांशी गप्पा आणि पोस्टमनचे पत्र एकत्र गुंफणारा ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ पासून जवळपास दशकभर टिकला, मार्च २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये परतला तो विनोदी स्पर्धेच्या रूपात.

अभिरुची खालावली, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. निवडीचे स्वातंत्र्य वाढले, हे खरेच. महाराष्ट्राबाहेरील मराठी घराचे नुकसान मात्र वेगळे आहे. शाळा व बाजार हिंदीत असताना आजी आणि नातवंडे एकत्र बसून एकाच मराठी विनोदावर हसत, तो तास भाषेचाही वर्ग असे. इंदूरमध्ये ‘सानंद’सारखी संस्था सभासदांसाठी मराठी नाटकांचे प्रयोग करून ती सामायिक बैठक जपते. पडद्याने सोडलेली जागा रंगमंच काही अंशी भरून काढू शकतो. मात्र नातवंडांना तेथवर नेण्याचे काम घरालाच करावे लागेल.