सीटखालचा स्विच

किल्ली फिरवली तरी इंजिन हूं की चूं करत नाही, ही अमेरिकेतल्या बसून चालवायच्या लॉनमोअरबद्दलची जुनी तक्रार आहे. बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल, तरी यंत्र ढिम्म. दोष अनेकदा इंजिनात नसतोच. सीटखाली, ब्रेकच्या पेडलाशी किंवा पातं सुरू करणाऱ्या दांड्यापाशी जे छोटे स्विच असतात, त्यांतला एखादा बिघडलेला असतो. हे स्विच तिथे आले ते बऱ्याच ओढाताणीनंतर.

गवत कापण्याचं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगचं. १८३० साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. कापडगिरणीत कापडाची लव कातरणारं यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. पण लॉनमोअर घरोघरी पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकी उपनगरांमध्ये. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने १९५३ मध्ये ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन आणलं आणि यंत्रं आटोपशीर झाली. १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आला, १९६३ मध्ये जॉन डिअरचा ‘११०’. शेतातला ट्रॅक्टर लहान होऊन अंगणात आला.

त्याच्याबरोबर पातंही आलं. अमेरिकी मानकाने पात्याच्या टोकाला घालून दिलेली वेगमर्यादाच सेकंदाला सुमारे ९६ मीटर आहे. ओलं गवत तोंडाशी तुंबलं की माणूस खाली उतरून ते हाताने ओढायला जायचा, आणि आत पातं फिरतच असायचं.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा १९७० च्या दशकातला अंदाज वाचून आजही अंगावर काटा येतो. पात्याला लागून वर्षाला सुमारे ७७,००० माणसं जखमी होत होती आणि हजारोंची बोटं तुटत होती. १९७९ मध्ये आयोगाने नियम केला: दांडा हातातून सुटला की तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. उद्योग कोर्टात गेला, पण नियमाचा हा गाभा टिकला आणि ३० जून १९८२ पासून तो लागू झाला. मात्र तो फक्त मागून ढकलायच्या यंत्रांसाठी होता. बसून चालवायच्या यंत्रांना तसा सक्तीचा केंद्रीय नियम लागू झाला नाही. तिथे उद्योगाने स्वतःच स्वीकारलेलं ‘बी७१.१’ हे मानक आधाराला आलं आणि चालक जागेवर आहे का हे ओळखणारा स्विच त्याच्या वाटेने रुळला.

कल्पना रेल्वेकडे आधीपासून होती. मुंबई लोकलच्या मोटरमनला ‘डेडमॅन हँडल’ सतत दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागतो. लॉनमोअरमध्ये हाताचं काम चालकाच्या वजनाकडे गेलं.

आतली रचना समजली की दुरुस्ती निम्मी होते. इथे दोन वेगळे मार्ग असतात. सुरू करण्याचा मार्ग बॅटरीपासून निघून किल्ली, पात्याचा स्विच आणि ब्रेकचा स्विच अशा साखळीतून स्टार्टरकडे जातो. त्यातली एकही कडी तुटली तरी साधा ‘टिक्’ आवाजही येत नाही. बंद करण्याचा मार्ग याच्या अगदी उलटा चालतो. यातल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत ठिणगी मॅग्नेटो देतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. म्हणून इंजिन बंद करायचं तर वीज तोडून भागत नाही, मॅग्नेटोची वायर अर्थ करावी लागते. पातं सुरू असताना सीट रिकामी झाली की स्विच नेमकं हेच करतो.

म्हणूनच लक्षणं नीट ऐकावीत. किल्लीला प्रतिसादच नसेल, तर साखळी तुटली आहे. खड्ड्यावरून जाताना किंवा पातं जोडताच इंजिन मरत असेल, तर सीटकडे पाहावं. तिथे स्प्रिंग ढिली झालेली, कनेक्टर गंजलेला किंवा उंदराने वायर कुरतडलेली सापडते. किल्ली काढून, स्पार्क प्लगची वायर सोडवून प्रत्येक स्विच दाबत मल्टिमीटर लावला की खरा दोषी कळतो.

पण कित्येक जण तेवढी वाट पाहत नाहीत, वायर ‘डायरेक्ट’ करून टाकतात. उत्पादकांनी यावरही उपाय काढला: काही यंत्रांत सीटखालचा कनेक्टर उपटला की तो आपोआप अर्थ होतो आणि इंजिन बंद पडतं. हा हट्ट योग्यच आहे. वायर डायरेक्ट करणाऱ्याला फक्त आपली घाई दिसते. त्याच्यानंतर त्या सीटवर बसणाऱ्याला स्विच मेलेला आहे हे ठाऊकही नसतं.

या साखळीत उशिरा आलेली कडी उलट चालीची आहे. आजोबा मोअर मागे घेत असताना नातवंड मागून धावत आल्याच्या घटनांमुळे २००३ च्या मानकात रिव्हर्सचा विचार आला. चालकाने मुद्दाम वेगळं बटण किंवा किल्ली वापरली नाही, तर गाडी मागे घेताच पातं थांबतं, काही यंत्रांत इंजिनासकट. रिव्हर्स टाकल्याबरोबर इंजिन बंद पडलं म्हणून मालक यंत्र दुकानात आणतो, तेव्हा जाणता मेकॅनिक आधी एवढंच विचारतो: ते बटण दाबलं होतं का?