टीक

सागवानाचे इंग्रजी नाव, मूळ द्राविडी. मलबार किनाऱ्यावर या झाडाला मलयाळममध्ये 'तेक्कु' म्हणतात. १४९८ नंतर तेथे आलेल्या पोर्तुगीजांनी त्याचे 'तेका' केले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत उतरले. त्याच शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेल्या 'होर्तुस मलबारिकुस' या वनस्पतिग्रंथात हे झाड 'थेका' म्हणून आले आहे.

इंग्रजी शब्दकोश बहुधा मलयाळमपाशी थांबतात. शब्दाचे गोत्र मात्र मोठे आहे : तमिळ 'तेक्कु', कन्नड 'तेग', तेलुगू 'टेकू' आणि गोंडी 'टेका'. बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशाने ही भावंडे एकत्र मांडली. इंग्रजी शब्द गोंडीतून गेलेला नाही. दोघांचे मूळ एक, एवढेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड समाजातले टेकाम हे कुळ याच झाडाच्या नावाचे. प्राणहिता-गोदावरी संगमावरच्या सिरोंचा तालुक्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी शेजारी नांदतात. तिथे एकाच झाडाला साग, टेकू आणि टेका ही तिन्ही नावे आहेत.

मराठी 'साग' वेगळ्या घराण्यातला. संस्कृत 'शाक', प्राकृत 'साग' असा तो आला. अरबी-फारसीतला 'साज'ही याच वाटेचा.

शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. ते धाकट्या लिनियसने दिले. त्यातला 'टेक्टोना' ग्रीक 'टेक्टॉन' म्हणजे सुतार या शब्दाशी जुळतो, म्हणून 'टीक'ही ग्रीक असल्याचे काही जण सांगतात. ते चूक आहे. ग्रीक शब्दाचा नातलग संस्कृत 'तक्षन्'. द्राविडी 'तेक्कु'शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य.

चंद्रपूर-गडचिरोलीतला साग आजही नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान रवाना झाले. आलापल्लीजवळचे सुमारे सहा हेक्टरांचे 'वैभव' हे जुन्या सागांचे राखीव वन २०१४ मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरले. म्हणून कोशांतल्या 'टीक'च्या नोंदीत मलयाळम रूपाशेजारी गोंडी 'टेका'लाही जागा मिळाली पाहिजे. मराठी कोशांनी तरी ती द्यावी.