दूरचित्रवाणीच्या तालावर चालणारा संगणक

१/८
१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. त्यातला इंटेलचा ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झ पेलू शकत असताना हा अडनिडा आकडा कशासाठी? उत्तर दिवाणखान्यातल्या टीव्हीत दडले आहे. #इतिहास

२/८
डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत स्वीकारली. तेच प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरही दिसायला हवे होते. म्हणून रंगांची माहिती ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर बसवून मूळ चित्रसंकेतात मिसळण्यात आली.

३/८
सत्तरच्या दशकात संगणकाचा स्वतंत्र पडदा हौशी माणसाला परवडत नसे. टीव्ही मात्र घरोघरी होता. सप्टेंबर १९७३ च्या ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात डॉन लँकेस्टर यांनी ‘टीव्ही टाइपरायटर’ मांडला. कळफलकावरची अक्षरे साध्या टीव्हीवर उमटवणारे हे यंत्र घरी जुळवता येई.

४/८
१९७७ च्या ‘ॲपल टू’मध्ये स्टीव्ह वॉझनियाक यांनी याच टीव्हीवर रंग आणले, तेही अत्यल्प सुट्या भागांत. त्यांनी रंगलहरीच्या चौपट, म्हणजे १४.३१८ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल निवडले. पडद्यावरचे ठिपके त्याच तालात पडत आणि ठिपका कोणत्या क्षणी पडला यावरून टीव्ही त्याला रंग देई. प्रोसेसरचा सुमारे १.०२ मेगाहर्ट्झचा वेगही त्याच क्रिस्टलला १४ ने भागून मिळाला.

५/८
जोडणीची अडचण उरलीच. बहुतेक टीव्हींना केवळ अँटेनाची वाट होती. त्यामुळे संगणकाच्या चित्राला प्रक्षेपण केंद्राचे सोंग घ्यावे लागे. ते काम आरएफ मॉड्युलेटर करी. शेजाऱ्यांच्या टीव्हीत व्यत्यय येऊ नये म्हणून अमेरिकी दूरसंचार आयोगाचे नियम कडक होते. ॲपलने मॉड्युलेटर यंत्रात घातलाच नाही; तो दुसऱ्या उत्पादकाकडून वेगळा विकत मिळे.

६/८
आयबीएमनेही तेच १४.३१८ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल घेतले. एकाच क्रिस्टलमध्ये टीव्हीचे रंगही साधावेत आणि प्रोसेसरही चालावा, हा हेतू. त्याला ३ ने भागा : ४.७७!

७/८
भारतात १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने. तिची रंगलहर ४.४३ मेगाहर्ट्झची. म्हणजे ज्या रंगांसाठी हा आकडा निवडला गेला, ते रंग आपल्या टीव्हीला ओळखताच आले नसते. तरीही आयबीएमशी सुसंगत यंत्रांबरोबर तो ताल जगभर पोहोचला.

८/८
पुढे संगणकाला स्वतःचा पडदा मिळाला, टीव्हीची गरज संपली. पण जुन्या आज्ञावली त्या तालावर विसंबून होत्या. तो बदलता येईना. पीसीच्या टाइमरची १.१९३ मेगाहर्ट्झ ही वारंवारता म्हणजे त्याच क्रिस्टलचा बारावा भाग. १९९६ च्या एसीपीआय मानकातील टाइमरची वारंवारता तर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच आहे. १९५३ च्या रंगीत टीव्हीची, दशांशापर्यंत तीच.