मायनॉटची ती रात्र

१८ जानेवारी २००२. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या मायनॉट शहराजवळ रात्री दीडच्या सुमारास एका मालगाडीचे ३१ डबे घसरले. पाच टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर पसरला. एक माणूस गेला, तीनशेहून जास्त जखमी झाले. लोकांना घरातच राहायला सांगावं म्हणून पोलिसांनी रेडिओ स्टेशनला फोन लावला. कोणी उचलला नाही.

शहरातली सहाही व्यावसायिक स्टेशनं तेव्हा क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे होती. कंपनीचं म्हणणं असं, की माणूस हजर होता, पण घाबरलेल्या नागरिकांच्या फोनमुळे लाइन अडकल्या होत्या, आणि पोलिसांकडची इशारायंत्रणाही चालली नाही. यंत्रणेबद्दलचा मुद्दा बहुधा खरा आहे. पण सहा स्टेशनांना मिळून एकच माणूस, हे त्या खुलाशातच कबूल झालं.

हे झालं कसं? १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात एका मालकाने किती स्टेशनं ठेवावीत, ही मर्यादाच काढून टाकली. आधी ती ४० एएम आणि एफएमच्या आसपास होती. काही वर्षांतच क्लिअर चॅनलकडे बाराशेच्या घरात स्टेशनं जमली. इतिहास सांगणारे बहुतेक इथेच थांबतात, सगळा दोष कायद्यावर टाकून. मला ते अपुरं वाटतं. कायद्याने विकत घ्यायची मुभा दिली. त्या खरेदीतून पैसा सुटला तो सॉफ्टवेअरमुळे. (मी स्वतः याच धंद्यात आहे, त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडायला होतं.)

नेब्रास्कातल्या ओगलाला या छोट्या गावातली प्रॉफेट सिस्टिम्स नावाची कंपनी क्लिअर चॅनलच्या ताब्यात आली. तिच्या प्रणालीत निवेदकाला अख्खं गाणं ऐकत बसावं लागत नसे. गाण्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात ऐकायची, मधलं बोलणं रेकॉर्ड करायचं, पुढे जायचं. चार तासांचा कार्यक्रम तासाभराच्या आत तयार. मग तो नेटवर्कवरून दुसऱ्या गावाला पाठवायचा. बोलण्यात तिथल्या जत्रेचं, हवेचं नाव घातलं की झालं. याला 'व्हॉइस ट्रॅकिंग' म्हणत. निवेदकाने ते गाव पाहिलेलं असायलाच हवं, असं नव्हतं.

पहिली गदा आली रात्रपाळीवर. नवे निवेदक तयार व्हायचे ते तिथेच. पहाटे तीनला चुकलं तर फार कोणाला कळत नाही, म्हणून नवशिक्याला ती वेळ देत. शिकण्याची ती जागाच गेली.

२००८ मध्ये खासगी गुंतवणूकदारांनी कर्ज काढून कंपनी विकत घेतली आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं. २०१४ मध्ये नाव बदलून आयहार्टमीडिया झालं, २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. जानेवारी २०२० मध्ये पुन्हा कपात झाली, त्यात लहान शहरांतले वर्षानुवर्षांचे निवेदक गेले. या वेळी कारण सांगितलं गेलं तंत्रज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता.